थरांमधलं संत्रं

संत्र्याचा सुगंध रसात थोडा, सालीत भरपूर. नागपुरी संत्रं सोलताना बोटांवर जो बारीक फवारा उडतो, ते सालीतल्या इवल्या ग्रंथींमधलं तेल. घरी संत्र्याचा हलका, थराथरांचा केक करायचा असेल तर सुरुवात याच तेलापासून करावी. फळ सोलण्याआधीच किसावं; नागपुरी संत्र्याची साल सैल, एकदा निघाली की किसणीवर टिकत नाही. किसण्याआधी ते कोमट पाण्यात घासून धुवावं, कारण बाजारातल्या चकचकीत फळावर बरेचदा मेणाचा लेप असतो. किसणी फक्त वरच्या केशरी भागावर फिरवायची, खालचा पांढरा थर दिसू लागला की हात थांबवायचा. तो कीस साखरेत घालून बोटांनी चोळायचा. पाहता पाहता साखर ओलसर, फिकट केशरी होते आणि पलीकडच्या खोलीतलं माणूस काय चाललंय म्हणून डोकावतं. बाटलीतल्या इसेन्सला हे साधत नाही.

आणि तरीही नागपूर शहरात संत्र्याच्या केकला अजून हक्काची जागा मिळालेली नाही. बर्फीला मिळाली. हल्दीरामची संत्रा बर्फी नागपूरहून निघालेल्या पाहुण्याच्या पिशवीत हमखास असते. वाढदिवसाला मात्र घरोघरी अननसाचा नाहीतर चॉकलेटचा केक येतो, आणि त्यातला अननस बहुतेक वेळा डब्यातला. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था इथेच आहे. 2017च्या डिसेंबरात इथे जागतिक संत्रा महोत्सव भरला. अशा गावात मेणबत्त्या मात्र डब्यातल्या अननसावर लागाव्यात, ही मनाला लागणारी गोष्ट आहे.

खरं तर हे फळही मुळात बाहेरूनच आलेलं. अठराव्या शतकात रघुजी भोसल्यांनी ते औरंगाबादहून आणवून आपल्या बागेत लावलं, असं सांगतात. पुढे ते इथल्या काळ्या जमिनीत रमलं. जंबेरी लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेली कलमं काटोल, नरखेड, कळमेश्वर आणि अमरावतीकडे वरूड, मोर्शीपर्यंत पसरली. या झाडाला वर्षातून एकाहून अधिक वेळा फुलण्याची खोड, म्हणून शेतकरी पाणी तोडून त्याला ताण देतो आणि हवा तो बहार धरतो. हिवाळ्यातल्या ताणाचा आंबिया बहार, त्याचं फळ दिवाळीच्या आगेमागे बाजारात येऊ लागतं. उन्हाळ्यातल्या ताणाचा मृग, त्याचं फळ फेब्रुवारी-मार्चात. केकला दोन्ही चालतात, पण दोघांशी वागायचं वेगवेगळं. आंबियाच्या फळात आंबटपणा जरा पुढे असतो, तो साखरेला छान तोलून धरतो. मृगाचं फळ अधिक गोड लागतं; तिथे साखर दोन चमचे कमी करावी आणि थोडं लिंबू पिळावं.

केक हलका होण्यामागची गोष्टही सांगण्याजोगी आहे. 1927च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये हॅरी बेकर नावाच्या, पूर्वी विमा विकणाऱ्या गृहस्थाने एक नवा केक तयार केला. तो केक हॉलीवूडच्या ब्राउन डर्बी या हॉटेलात जाई आणि खाणाऱ्यांना त्याच्या मऊपणाचं कोडं सुटत नसे. जवळजवळ 20 वर्षं बेकरने कृती कुणाला कळू दिली नाही. 1947 मध्ये ती त्याने जनरल मिल्स कंपनीला विकली आणि मग गुपित फुटलं: लोण्याऐवजी साधं खाद्यतेल. हाच शिफॉन केक. लोणी गार झालं की घट्ट होतं, तेल होत नाही. त्यामुळे फ्रिजमधून काढलेला शिफॉनही बोटाखाली दबतो आणि पुन्हा वर येतो. फळांच्या थरांचा केक गारच खायचा असतो, तेव्हा त्याला हाच पाया योग्य.

प्रमाण सोपं आहे. 4 अंडी, 120 ग्रॅम साखर, 110 ग्रॅम मैदा, सपाट चमचाभर बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, 60 मिलिलीटर तेल आणि 80 मिलिलीटर ताजा रस. पिवळा बलक, निम्मी साखर आणि सालीचा कीस, तेल, रस एकत्र फेटून त्यात चाळलेला मैदा, पावडर आणि मीठ मिसळायचं. पांढरा भाग उरलेली साखर घालत वेगळा फेटायचा, फेटणी उचलली की त्याचा शेंडा उभा राहिला पाहिजे. मग तो तीन हप्त्यांत, खालून वर, हलक्या हाताने मिसळायचा. इथे घाई केली की हवा गेली, आणि या केकमध्ये हवाच सगळं आहे. साच्याच्या कडांना तेल लावायचं नाही, नॉनस्टिक साचा तर नकोच; मिश्रण भिंतीला धरून वर चढतं. 160 अंशांवर सुमारे 40 मिनिटं भाजून साचा लगेच उपडा करायचा, काठ दोन वाट्यांवर टेकवून. पूर्ण निवल्याशिवाय सरळ करू नये, नाहीतर बसतो.

अंडं न चालणारी घरं नागपुरात पुष्कळ आहेत. त्यांनी हिरमुसण्याचं कारण नाही. वाटीभर दह्यात पाऊण वाटी साखर, चमचाभर बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा घालून पाच मिनिटं ठेवलं की फेस चढतो. त्यात अर्धी वाटी तेल, सालीचा कीस आणि दीड वाटी मैदा. ओव्हन नसेल तर कुकरच्या तळाशी मीठ पसरून, रिंग आणि शिटी काढून, मंद आचेवर हा केक उत्तम होतो. पोत थोडा भरीव येतो, चव कुठेही उणी नसते.

आता फळ. नागपुरी संत्र्याची खरी परीक्षा कडवटपणात आहे. पाकळ्यांच्या पापुद्र्यात आणि बियांत लिमोनिन तयार करणारं द्रव्य असतं. ताजं फळ खाताना ते जाणवत नाही. रस काढून ठेवला किंवा उकळला की त्याचं लिमोनिन होतं आणि तासा-दोन तासांत गोड रस कडू होतो. म्हणून बियांसकट मिक्सरमध्ये फिरवू नये, रस ऐनवेळी काढावा आणि केक ओला करण्यासाठी साखरेचा पाक आधी करून, निवल्यावर त्यात रस घालावा. थरांत घालायच्या फोडींचा पापुद्रा काढायचाच. काम वेळखाऊ आहे. घरातल्या सगळ्यांनी परातीभोवती बसून करावं असं.

राहिला थर. दूध आणि संत्रं यांचं जुळत नाही, आंबटाने दूध फाटतं. फेटलेली साय चालते, पण ती फार गार असावी लागते आणि मार्च उजाडला की नागपूरची हवा तिला उभं राहू देत नाही. यावर उपाय आपल्याच घरात आहे: चक्का. दही आधीच विरजलेलं, त्याला संत्र्याच्या आंबटपणाची भीती नाही. रात्रभर टांगलेला घट्ट चक्का, पिठीसाखर आणि थोडा कीस एवढंच फेटायचं. केक आडवा कापून तीन चकत्या, प्रत्येकीवर पाक शिंपडून चक्का आणि फोडी. सायीपेक्षा हा थर हलका लागतो, आणि श्रीखंडावर वाढलेल्या जिभेला लगेच ओळखीचाही वाटतो. क्रीमचा हट्ट सोडावा, या केकला चक्काच शोभतो.

बाजारात मोठ्या, एकसारख्या फळालाच भाव मिळतो. लहान संत्री मागे पडतात, आणि बांगलादेशाने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेल्यापासून तर बागायतदाराची अडचण वाढलीच आहे. केकला फळाचा आकार लागत नाही; लहान फळाच्या सालीत तेच तेल आणि आत तोच रस. येत्या हंगामात घरातला एक तरी वाढदिवस संत्र्याच्या केकने साजरा करा, आणि त्यासाठी ढिगातली लहान फळं मागून घ्या. एका केकला आठ-दहा पुरतात.