अराकूच्या अक्का आणि त्यांची कॉफी

आपण मराठी माणसे मूळची चहाबाज. कॉफी आपल्या घरी येते ती पाहुणी म्हणून. उपासाच्या दिवशी, जागरणाच्या रात्री, नाहीतर विहीणबाई भेटीला आल्या म्हणजे. आणि तीही कशी, तर दूधसाखरेत पुरती बुडालेली, अंगाला जायफळाचा वास लावलेली! तिचा स्वतःचा वास कसा असतो, ती कोणत्या मातीत वाढते, याची विचारपूस करण्याच्या फंदात आपण सहसा पडत नाही. महाराष्ट्रात कॉफीचे झाड पाहायचे म्हणजे चिखलदऱ्याची वाट धरावी लागते. पण ज्यांना प्रवासाची हौस आहे आणि समुद्र व डोंगर एकाच फेरीत पदरात पाडून घ्यायचे आहेत, त्यांनी विशाखापट्टणमला उतरावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अराकूच्या गाडीत बसावे.

हा लोहमार्ग बांधला तो माणसांसाठी नव्हे. बस्तरमधल्या बैलाडिल्याच्या डोंगरातले लोहखनिज विशाखापट्टणमच्या बंदरात आणून जपानला धाडता यावे म्हणून १९६० नंतरच्या दशकात तो पूर्वघाटातून कोरून काढला. कोत्तवलसापर्यंत दोन्ही बाजूंना भाताची खाचरे दिसतात. मग गाडी धापा टाकीत चढू लागते आणि बोगद्यांची माळ सुरू होते. पन्नासापर्यंत मोजून मुले कंटाळतात, बोगदे कंटाळत नाहीत! वाटेत बोर्राची चुनखडीची प्रचंड गुहा लागते. शिमिलीगुडा स्टेशन ९९६ मीटरवर, म्हणजे सव्वातीन हजार फुटांवर आहे. तेथून पुढे डोंगर जरा बाजूला सरतात आणि अराकूचे खोरे हिरव्या परातीसारखे समोर येते.

कॉफीचा मळा म्हटला की टेकडीवरचा बंगला, ओसरीवर आरामखुर्ची आणि काठी घेतलेला मॅनेजर असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. तसले येथे काही शोधू नये. या डोंगरांत पूर्वी जंगल तोडून, जाळून त्या राखेत नाचणी-सावा पेरण्याची फिरती शेती चाले. तिला येथे पोडू म्हणतात. वनखात्याने १९६० नंतर कॉफीची लागवड वाढविली आणि पुढे आदिवासी कुटुंबांनाही रोपे देण्यात आली. आज बगता, कोंडदोरा, कोंध, कोटिया अशा जमातींच्या घरांजवळ एक-दोन एकरांचे मळे आहेत. मळा म्हणण्यापेक्षा त्याला रानच म्हणावे. वर सिल्व्हर ओकची उंच झाडे, त्यांच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल, मध्येच एखादा फणस किंवा आंबा, आणि त्या साऱ्यांच्या सावलीत कॉफीची झुडपे. कॉफीला सावली हवी, म्हणून तरी झाड तुटत नाही, हा डोंगराला झालेला मोठा लाभ.

कॉफीची रोपे तीन-चार वर्षे नुसती खातात-पितात आणि मग फळू लागतात. उन्हाळ्यातल्या पहिल्या सरीनंतर पांढऱ्या फुलांनी फांद्या झाकून जातात. वास थेट जुईच्या जातीचा. फळे पिकतात ती नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत, आणि खरी परीक्षा तेव्हाच सुरू होते. एकाच फांदीवर हिरवी, पिवळी आणि लाल फळे शेजारी शेजारी असतात. फांदी ओरबाडली तर काम दहा मिनिटांत संपते, पण कच्च्या फळाची कॉफी तुरट लागते. म्हणून तेवढे लाल फळ बोटांनी खुडायचे, बाकीची ठेवायची, आणि काही दिवसांनी पुन्हा त्याच झाडापाशी यायचे. अशा कितीतरी फेऱ्या.

या फेऱ्या बहुतेक करून बायकांच्या. ओचा सावरीत त्या उतारावर उभ्या असतात आणि बोटे अशी चालतात, जणू घरी सुपातले तांदूळच निवडीत आहेत. फळे त्याच दिवशी पोचवावी लागतात. रात्रभर ढिगात राहिली तर आंबतात. मग यंत्रातून साल काढणे, चिकट गर आंबवून धुणे, उंच माचांवर बी पसरून ते दिवसातून अनेक वेळा हलविणे, धुके आले की झाकणे. पाच-सहा किलो फळांतून जेमतेम एक किलो बी मिळते. पुढे कॉफीचे पारखी ती चाखून शंभरपैकी गुण देतात. ८० किंवा अधिक गुण मिळाले तरच ती खास कॉफीच्या पंगतीला बसते. ते गुण फांदीपाशीच ठरलेले असतात. एका ओंजळीत चार हिरवी फळे आली की पॅरिसच्या पेल्यापर्यंत ती चुगली करतात!

पॅरिस हे मी थट्टेने म्हणत नाही. या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची कॉफी विकणारे अराकू नावाचे दुकान २०१७ साली पॅरिसमध्ये उघडले. २०१९ साली अराकू खोऱ्याच्या अरेबिका कॉफीला भौगोलिक मानांकन मिळाले. आणि २०२३ साली दिल्लीस जी-२० परिषदेला आलेल्या पाहुण्यांना जी भेट दिली गेली, तीत ही कॉफीही होती. पूर्वी आठवडी बाजारात व्यापारी आगाऊ उचल देई आणि मग पीक त्याच्या भावाने जाई. आता लाल फळाला वेगळा भाव आहे, हे लहान पोरीलाही ठाऊक आहे.

एका वस्तीवर आमच्यासोबत तेथल्या शाळेचे मास्तर दुभाष्या म्हणून आले होते. वडीलधाऱ्या बाईला तिकडे ‘अक्का’ म्हणतात, त्यामुळे पहिला शब्द तरी आम्हाला दुभाष्याविना समजला. ओसरीवर बसलेल्या अक्कांनी तांब्यातून पाणी दिले. कॉफी मात्र नाही. घरात चहाच होता! “मळा कोणाचा?” असे विचारताच शेजारच्या बाईने नवऱ्याचे नाव सांगितले. अक्का हसल्या आणि म्हणाल्या, “झाडांना विचारा ना. ती माझेच नाव सांगतील.”

हसण्यावारी नेलेल्या या उत्तरात सारी गोष्ट आली. डोंगरातली जमीन बाहेरच्याने गिळू नये म्हणून १९५९चा आंध्रचा नियम आहे, तो १९७० साली अधिक कडक झाला. याच अनंतगिरी-बोर्रा भागातल्या खाणींच्या प्रकरणात, समता खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली निकाल दिला की सरकारलाही आदिवासी भागातली जमीन खासगी खाणवाल्यांना भाडेपट्ट्याने देता येणार नाही. आणि २००६च्या वनहक्क कायद्याने आणखी एक पाऊल टाकले: विवाहित जोडप्याला वनजमिनीचा हक्क मिळेल तो नवरा-बायको दोघांच्या नावे. एकटी बाई घर चालवीत असेल तर तो तिच्या नावे.

कायदा आणि ओसरी यांच्यामध्ये मात्र कचेरी असते. अक्कांच्या पट्ट्यावर दोघांची नावे होती. शेजारणीच्या जावेची कहाणी निराळी. नवरा गेला, कागदावर त्याचे एकट्याचे नाव, आणि वारस म्हणून स्वतःचे चढविण्यासाठी ती तीन हंगाम हेलपाटे घालीत होती. कॉफी तीच खुडते, तीच सुकवते; पण पैसे दिराच्या खात्यात जमा होतात. “देतो तो,” ती म्हणाली, “पण मागावे लागतात.” मास्तरांनी हे वाक्य आम्हाला दोनदा सांगितले, पहिल्या वेळी त्यांचा आवाज जरा खाली गेला होता. अक्कांच्या पासबुकात रक्कम मोठी नव्हती. पण धाकटीला पाडेरूच्या वसतिगृहात ठेवण्यासाठी त्यांना कोणाकडे हात पसरावा लागला नव्हता.

अराकूला जायचे तर नोव्हेंबर ते जानेवारी हे दिवस उत्तम. गरम कपडे न्यावेत, पहाटेचा गारठा बोचरा असतो. बायका एकमेकींच्या कमरेला हात घालून धिम्सा नाच करतात, तो जरूर पाहावा. परतताना कॉफीची पुडी घ्याल तर सहकारी संस्थेची घ्यावी, आणि घरी एकदा तरी ती दुधाविना पिऊन पाहावी. किंचित आंबट, किंचित गोड अशी चव जिभेवर रेंगाळते. ती खुडणाऱ्या बाईचे नाव पुडीवर छापलेले नसते. जमिनीच्या कागदावर ते आले, तरी पुष्कळ झाले.