लेस्टरच्या परसबागेतील निशाचर

इंग्लंडमधील लेस्टर शहरी जाणारा जैन प्रवासी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जिनमंदिर पाहिल्याविना परतत नाही. एका जुन्या चर्चच्या वास्तूत उभ्या राहिलेल्या या मंदिराची प्रतिष्ठा १९८८ साली झाली. घरांमागील परसबागांत रात्री जे घडते, ते मात्र थोड्यांच्याच दृष्टीस पडते.

जूनमध्ये तेथे सूर्यास्त साडेनऊच्या सुमारास होतो. मी उतरलो होतो त्या घरात चौविहाराचा नेम आहे. घरातील सर्वांचे खाणेपिणे आटोपले, अंधार दाटला, की झुडपांखाली खसफस होते आणि नाकाने सूं सूं करीत हेजहॉग बाहेर येतो. लांबी वीत-सव्वा वीत. पाठीवर पाच ते सात हजार काटे. आपल्या साळिंदराशी याचे नाते नाही. साळिंदर उंदराच्या कुळातले, हा चिचुंद्रीच्या जवळचा. गुजरातेत मूळ असलेल्या वाचकांना याचा तिकडील भाऊबंद ‘शेळो’ या नावाने परिचित असेल. भय वाटले की तो अंगाचा चेंडू करून निश्चल राहतो.

पाहुण्यापुढे वाटी ठेवावी, ही आपली रीत. इंग्रज घरांतही पूर्वी त्याच्यासाठी दूध-पाव ठेवीत. परंतु दूध त्याला पचत नाही. अतिसार होऊन तो दगावूही शकतो. आता तेथील जाणकार मांजराचे मांसयुक्त खाद्य ठेवण्यास सांगतात, आणि आपल्या घरांची अडचण येथेच सुरू होते. भुंगेरे, सुरवंट, गांडुळे हा त्याचा निसर्गदत्त आहार. त्याला पोळीच्या तुकड्यांवर ठेवणे ही दया नव्हे. नातू म्हणे, “बा, भुकेल्याला त्याचे अन्न देण्यात दोष कसला?” आजी म्हणत, “त्याने शोधून खावे. विकत आणून मी वाढणार नाही.” हा वाद काही रात्री चालला. माझे मत आजींच्या बाजूचे होते, तरी नातवाचा प्रश्न मला पोकळ वाटला नाही. २०२० साली ब्रिटनमधील संकटग्रस्त सस्तन प्राण्यांच्या यादीत हेजहॉगची नोंद झाली आहे.

अखेर कुंपणाच्या तळाशी तेरा सेंटिमीटरचे चौकोनी भोक पाडले गेले. अन्नासाठी एका रात्रीत एक-दोन किलोमीटर हिंडणाऱ्या या जिवाला बंद कुंपणे उपाशी ठेवतात. गोगलगायींवरचे विष बागेत वर्ज्य झाले. पाचोळ्याचा ढीग तसाच राखायचे ठरले, कारण हिवाळ्यातील दीर्घ निद्रा तो अशाच ढिगात घेतो. तेथे शेकोटी पेटवण्यापूर्वी ढीग हलवून पाहतात तो यासाठीच. आजी सूर्यास्तापूर्वी उथळ बशीत गाळलेले पाणी भरून ठेवू लागल्या.

भोक पाडण्यास शेजारच्या वृद्ध इंग्रज गृहस्थांची संमती लागली. त्यांनी ती आनंदाने दिली, आणि आपल्या बाजूला मांजराच्या खाद्याची थाळीही मांडली. हेजहॉग तिकडे जेवतो आणि पाणी प्यायला आजींच्या अंगणात येतो.