मासा घरी जातो

भाचीच्या पियानोच्या कडेला एक कागद चिकटवलेला दिसला. मधोमध रेघ, दोन रकाने. डावीकडे ‘रेपर्टॉयर’: बाखचं एक इन्व्हेन्शन, शुमानच्या ‘किंडरझेनेन’मधले काही तुकडे, थोडा बार्टोक. उजवीकडे ‘प्रोजेक्ट’: जलरंगातली चित्रं, एक छोटी फिल्म, पावसाचे आवाज गोळा करणं. आणि एक नाव धड इकडे ना तिकडे, बरोबर रेघेवर लिहिलेलं: एरिक साती.

यादीत ‘फ्यूर एलिस’ नाही हे पाहून बरं वाटलं. बेथोव्हेननं ते १८१० मध्ये लिहिलं आणि त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, १८६७ मध्ये, ते छापून आलं. तसंच कुठल्याशा पेटाऱ्यात राहिलं असतं तर आपल्या सोसायट्यांत मागे येणाऱ्या मोटारींना दुसरं काहीतरी वाजवावं लागलं असतं.

साती मला विद्यार्थी म्हणून फार आवडतो. पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत शिक्षकांनी त्याला आळशी ठरवून टाकलेलं. पुढे त्यानं ‘जिमनोपेदी’ लिहिल्या, कॅबरेत पियानो बडवून पोट भरलं, आणि १९०५ मध्ये, चाळिशीला टेकल्यावर, हा गृहस्थ पुन्हा वर्गात जाऊन बसला. स्कोला कांतोरममध्ये, काउंटरपॉइंट शिकायला. या वयात कशाला, असं मित्र देब्यूसीनंही सुचवून पाहिलं. यानं ऐकलं नाही. १९०८ मध्ये पदविका घेऊनच उठला. आणि एवढं शास्त्र शिकून लिहिलं काय, तर वाळवलेल्या समुद्री जिवांवरचे पियानोचे तुकडे!

पण रेघेवरचं नाव आलं ते ‘स्पोर्त ए दिव्हर्तिसमाँ’मुळे. १९१४ मध्ये ल्यूसियाँ व्होगेल या प्रकाशकानं एक नखरेल अल्बम काढायचं ठरवलं. शार्ल मार्तँची चित्रं: गोल्फ, टेनिस, झोपाळा, समुद्रस्नान, फटाके. प्रत्येक चित्रासोबत सातीचं संगीत. सातीनं वीस तुकडे लिहिले आणि आपण ज्यांना आवडत नाही त्यांना अर्पण केलेलं एक रुचिहीन कोरालही सुरुवातीला जोडून दिलं. स्वरलेखन स्वतःच्या हातानं, लाल रेघांवर काळे सूर, मात्रांचे खंड पाडणाऱ्या उभ्या रेघा नाहीत, आणि सुरांच्या मधेमधे बारीक अक्षरांत मजकूर. ‘मासेमारी’ या तुकड्यात पाणी खळखळतं, एक मासा येतो, मागून आणखी येतात, काठावरच्या गरीब कोळ्याकडे बघतात आणि आपापल्या घरी जातात. कोळीही जातो. पाणी खळखळत राहतं. मिनिटभराचा मामला. बोटांची कसरत दाखवायला इथे जागाच नाही, आणि मला तर असंच संगीत आवडतं. गोल्फमध्ये कर्नलसाहेबांच्या काठीचे तुकडे होतात. ते तुकडे कानाला चक्क कळतात.

मग युद्ध सुरू झालं आणि अल्बम अडकला. युद्ध संपेपर्यंत बायकांच्या झग्यांची, टोप्यांची तऱ्हाच पालटली होती. जुनी चित्रं फॅशनबाहेर गेली म्हणून मार्तँनं सगळी नव्यानं काढली, धारदार कोनांची, क्यूबिस्ट वळणाची. सुरांना मात्र कुणी हात लावला नाही. १९२३ मध्ये अल्बम आला तेव्हा संगीत एका काळातलं आणि समोरचं चित्र दुसऱ्याच. कपडे बदलून आलेल्या पाहुण्याला यजमानानं जुन्याच नावानं हाक मारावी, तसं. कुणाला ही विसंगती वाटेल. मला वाटतं अल्बमची अर्धी गंमत त्यात आहे. अगदी जुळलेली चित्रं असती तर संगीत नुसतं मथळा होऊन बसलं असतं.

“मामा, मी तिसरी चित्रं काढणार,” भाची म्हणाली. तिच्या मासेमारीत मुठा आहे, भिडे पुलाखालची. मासे येतील का, हे मी विचारलं नाही.

हे सगळं ज्या कार्यक्रमात वाजवायचं आहे, त्यात तिला थोडकी मिनिटं मिळणार आहेत. क्रम कसा लावायचा यावर घरात वाद चालू आहे, कारण त्याच अल्बममधला सातीचा टँगो संपतच नाही: शेवटी पुन्हा पहिल्यापासून वाजवायची खूण. तो अखेरीस ठेव, असं माझं मत. ताईचं म्हणणं, पहिलाच ठेवावा; मग बाखच्या इन्व्हेन्शनची तयारी करायलाच नको.