गोळ्यांच्या गावातला दहा नंबर

कोलोनचं कॅथेड्रल बघून झालं. ऱ्हाइनच्या पुलावर फोटो काढून झाले. वीकेंडचा अर्धा दिवस अजून हातात आहे? मग लोकल पकडा आणि उत्तरेला पंधरा-वीस मिनिटांवरच्या लेव्हरकुसेनला जा. गाइडबुकात या गावाला जेमतेम दोन ओळी मिळतात. पण फ्लोरियन विर्ट्झ नावाच्या पोराचं करिअर समजून घ्यायचं असेल, तर इथं यायलाच हवं.

कंपनीचं गाव

इथं रात्री पोचलात तर सगळ्यात आधी दिसेल तो आकाशात लटकलेला एक प्रचंड प्रकाशमान गोल. आत उभं आणि आडवं लिहिलंय 'बायर'. दोन्ही शब्दांना मधलं अक्षर कॉमन. व्यास ५१ मीटर, दिवे सतराशेच्या वर. सध्याचा गोल १९५८ पासून तिथंच आहे. ठाणेकरांना तो ओळखीचा वाटेल, कारण याच कंपनीचं भारतातलं मुख्यालय ठाण्यात आहे.

गावाचं नावसुद्धा कारखान्यामुळेच पडलं. कार्ल लेव्हरकुस नावाच्या केमिस्टनं इथं निळ्या रंगाचा कारखाना काढला. १८९१ मध्ये बायरनं तो विकत घेतला आणि १९१२ मध्ये आपलं मुख्यालयच इथं हलवलं. शहर म्हणून लेव्हरकुसेनचा जन्म झाला १९३० मध्ये. म्हणजे कारखाना आधी, शहर नंतर! किर्लोस्करवाडी पाहिली असेल तर हा प्रकार लगेच लक्षात येईल. कंपनीनं कामगारांसाठी घरं बांधली, पुढेमागे बागा, करमणुकीसाठी थिएटर. या वसाहतींना जर्मनमध्ये म्हणतात 'कोलोनी'. आपली कॉलनीच की! त्यातल्या काही आजही नीट राखल्या आहेत. तासभर चालत फिरायला मस्त.

आणि अर्थातच, कंपनीनं क्लबही दिला. १९०३ मध्ये विल्हेम हाउशिल्ड या कर्मचाऱ्यानं मॅनेजमेंटला पत्र लिहिलं : आम्हाला खेळाचा क्लब हवा. खाली सहकाऱ्यांच्या सह्या. पुढच्याच वर्षी क्लब उभा राहिला. म्हणूनच त्याचं नाव 'बायर ०४'. टीमला आजही 'वेर्कसेल्फ' म्हणतात, म्हणजे 'कारखान्याचे अकरा'. प्रतिस्पर्धी मात्र 'गोळ्या वळणारे' म्हणून चिडवतात. अ‍ॅस्पिरिनवाल्या कंपनीची टीम, दुसरं काय म्हणणार?

टोमणे एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण २००० मध्ये शेवटच्या मॅचमध्ये ड्रॉ पुरेसा असताना ही टीम छोट्याशा उंटरहाकिंगकडून हरली आणि लीगचं विजेतेपद हातातून गेलं. २००२ मध्ये तर कहरच. लीग गेली, जर्मन कपची फायनल गेली आणि ग्लासगोत रेआल माद्रिदविरुद्ध चॅम्पियन्स लीगची फायनलही गेली. सगळं काही आठवड्यांत! तेव्हापासून नाव पडलं 'फिट्सेकुसेन'. मराठीत सांगायचं तर 'उपविजेतेपूर'. दरवर्षी अप्रेझल उत्तम आणि प्रमोशन मात्र शेजारच्या टेबलाला... हे दुःख ज्याला कळतं, त्याला लेव्हरकुसेन कळतं.

नदीपलीकडचा पोरगा

विर्ट्झ मुळात या गावचा नाहीच. तो ऱ्हाइनच्या पलीकडचा. कोलोनच्या पश्चिमेला पुलहाइम नावाचं छोटं शहर आहे, त्यात ब्राउवायलर नावाचा भाग. तिथं एक हजार वर्षांपूर्वीचा मठ आहे. चर्चचे मनोरे लांबूनच दिसतात. बाकी सगळं शांत. इथं ३ मे २००३ रोजी फ्लोरियनचा जन्म झाला, दहा भावंडांत शेंडेफळ. त्याच्याहून थोडी मोठी बहीण युलियाने हीसुद्धा व्यावसायिक फुटबॉलपटू. खेळायला घरातच टीम तयार!

गावातल्या क्लबनंतर सातव्या वर्षी तो एफसी कोलोनच्या अकादमीत गेला आणि तिथंच वाढला. २०१९ मध्ये कोलोनच्या १७ वर्षांखालच्या टीमनं जर्मनीचं विजेतेपद पटकावलं, त्यात तो होता. कोलोनकरांनी स्वप्नं रंगवायला सुरुवात केली. आणि जानेवारी २०२० मध्ये पोरगा नदी ओलांडून थेट लेव्हरकुसेनला!

हे प्रकरण किती झोंबलं असेल, विचार करा. कोलोन म्हणजे दहा लाखांवर वस्तीचं, कार्निव्हलवालं, तोऱ्यातलं शहर. लेव्हरकुसेन जेमतेम दीड-पावणेदोन लाखांचं. शिवाय या परिसरातल्या क्लबांमध्ये एकमेकांची ज्युनियर पोरं पळवायची नाहीत, असा तोंडी समझोता होता. लेव्हरकुसेनचं म्हणणं, आम्ही त्याला ज्युनियर म्हणून नाही, सीनियर टीमसाठी घेतोय. कोलोनला ते पटलं नाही. पण लेव्हरकुसेननं शब्द मात्र खरा केला. १८ मे २०२० रोजी, करोनामुळे रिकाम्या असलेल्या ब्रेमेनच्या स्टेडियममध्ये विर्ट्झ सीनियर टीमकडून मैदानात उतरला. वय १७ वर्षं १५ दिवस. क्लबच्या इतिहासात लीग खेळणारा तेव्हाचा सगळ्यात लहान खेळाडू. तीन आठवड्यांच्या आत त्यानं बायर्न म्युनिकविरुद्ध गोल केला, तोही मॅन्युएल नॉयरला चकवून. मॅच टीम हरली, पण बुंडेसलिगात गोल करणारा तोवरचा सर्वांत लहान खेळाडू म्हणून नाव लागलं. (तो विक्रम त्याच वर्षी डिसेंबरात डॉर्टमुंडच्या मुकोकोनं मोडला. जर्मनीत पोरं थांबत नाहीत!)

गुडघा

स्टेशनपासून बायअरेना स्टेडियमपर्यंत चालत जाता येतं. वाटेत ड्यून नावाची छोटी नदी आणि झाडी लागते. स्टेडियम तीस हजारांचं, आटोपशीर. युरोपातल्या मोठ्या मैदानांची सवय असेल तर 'एवढंच?' वाटेल. पण त्यामुळेच आत बसलं की मैदान अगदी पुढ्यात.

इथंच १३ मार्च २०२२ रोजी विर्ट्झचा डावा गुडघा गेला. लिगामेंट फाटलं. समोर प्रतिस्पर्धी कोण? कोलोन! जुन्या क्लबविरुद्ध, घरच्या मैदानावर, अठराव्या वर्षी. लेव्हरकुसेन ती मॅच ०-१ नं हरलं. त्या वर्षअखेरचा कतारचा वर्ल्ड कपही गेला. त्याच्या वयाची मुलं कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असतात आणि हा पुन्हा नीट धावायला शिकत होता.

दरम्यान टीमचीही घसरण झाली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये झाबी अलोन्सो कोच म्हणून आला, तेव्हा टीम तळातून दुसरी होती. जानेवारी २०२३ मध्ये विर्ट्झ परतला. अलोन्सोनं त्याला मधल्या जागेत मोकळं सोडलं : बॉल घे, वळ, पुढे बघ. विर्ट्झची खासियत तीच. बॉल मिळण्याआधीच त्याचं ठरलेलं असतं. उगाच स्टाइल मारणं नाही. आणि बॉल गेला की हाच दहा नंबर तो परत मिळवायला सगळ्यात पुढे पळतो. स्टार असून पडेल ते काम करणारा कलीग. भेटतो का असा?

१४ एप्रिल

१४ एप्रिल २०२४, बायअरेना. समोर ब्रेमेन, म्हणजे जिथं याची सुरुवात झाली तोच क्लब. जिंकलं की विजेतेपद नक्की. विर्ट्झ सुरुवातीला बेंचवर! हाफटाइमनंतर आला आणि तीन गोल ठोकले. स्कोअर ५-०. शेवटचा गोल होताच प्रेक्षक मैदानात घुसले आणि मॅच तिथंच संपली. बायर्नची सलग ११ विजेतेपदांची मालिका तुटली. लेव्हरकुसेन १२० वर्षांच्या इतिहासात पहिल्यांदा जर्मनीचं चॅम्पियन झालं, तेही अख्ख्या लीगमध्ये एकही मॅच न हरता. २८ विजय, ६ ड्रॉ. मे महिन्यात युरोपा लीगची फायनल तेवढी अटलांटाकडून हरली, पण तीन दिवसांनी जर्मन कपही घरी आला. उपविजेतेपूर हे नाव एका सीझनमध्ये पुसलं गेलं. विर्ट्झ बुंडेसलिगाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. वय २१.

राजीनामा

मग जे व्हायचं तेच झालं. जून २०२५ मध्ये विर्ट्झ लिव्हरपूलला गेला. किंमत १० कोटी पौंड, अटी पूर्ण झाल्या तर ११ कोटी ६० लाख. बायर्नलाही तो हवा होता, पण त्यानं देशच बदलला. बाविसाव्या वर्षापर्यंत घर, शाळा, दोन्ही क्लब सगळं एका लोकलच्या टप्प्यात होतं. आता नवीन भाषा, नवीन पाऊस आणि पाठीवर किमतीचं लेबल. सुरुवातीचे कित्येक महिने प्रीमियर लीगमध्ये गोल झाला नाही, तेव्हा इंग्लिश पेपरांनी रोज हिशेब मांडला. पहिली नोकरी सोडून मोठ्या पॅकेजवर गेलेल्या कुणालाही हे महिने समजतील. जुन्या ऑफिसात तुमच्यासाठी सगळी रचना केलेली असते, नव्या ऑफिसात तुमची खुर्ची कुठे आहे इथपासून सुरुवात!

आणि मागे राहिलेलं गाव? अलोन्सोही त्याच उन्हाळ्यात गेला, कॅप्टनसारखे मोहरेही गेले. मोठ्या शहरांच्या क्लबांना अशा वेळी इतिहासाचा आधार असतो. लेव्हरकुसेनकडे आधार आहे तो कारखान्याच्या शिस्तीचा. एक शिफ्ट संपली, पुढची सुरू. अठरा-वीस वर्षांच्या पोरांना शोधायचं, संधी द्यायची, मोठं करायचं आणि वेळ आली की जाऊ द्यायचं. विर्ट्झच्या आधी काय हावेर्ट्झ असाच गेला, २०२० मध्ये. त्याची पोकळी विर्ट्झनं भरली. विर्ट्झची कोण भरेल, ते बघायला दर शनिवारी तीस हजार लोक जातातच.

एक मात्र नक्की. कंपनीनं दिलेला क्लब, कारखान्यानं दिलेलं नाव, शेजाऱ्याकडून आलेला पोरगा... या गावाकडे आपलं असं काय, हा प्रश्न कोलोनवाले नेहमी विचारायचे. १४ एप्रिलनंतर त्याचं उत्तर द्यायची गरज उरलेली नाही.

जायचं कसं, बघायचं काय?

कोलोन मुख्य स्टेशनवरून 'लेव्हरकुसेन मिट्टे'साठी लोकल आणि रीजनल गाड्या आहेत. मॅच नसेल त्या दिवशी स्टेडियमची टूर आहे का, ते आधी वेबसाइटवर तपासा. कारखान्याच्या शेजारची जपानी बाग चुकवू नका. कंपनीचे तेव्हाचे बॉस कार्ल डुइसबर्ग यांनी ती करून घेतली. छोटे पूल, तळं, लाल मंडप. आणि मागे चिमण्या! मॉर्सब्रॉइख नावाच्या देखण्या वाड्यात आधुनिक कलेचं म्युझियम आहे. ब्राउवायलरच्या मठासाठी मात्र कोलोनला परत येऊन पश्चिमेची बस घ्यावी लागते. आणि हो, परतीची लोकल अंधार पडल्यावरचीच घ्या. खिडकीतून तो गोल दिसेल.