कॅटरलाइनचा समुद्र

जोन अर्डलीच्या ‘द वेव्ह’ या चित्राच्या अगदी जवळ गेलं की आधी वाळू दिसते. हार्डबोर्डवर थापलेल्या जाड तैलरंगात खरखरीत कण रुतून बसलेले आहेत. दोन पावलं मागे सरकावं, तर त्याच कणांचं राखाडी पाणी होतं आणि सहा फूट रुंदीची लाट अंगावर चालून येते. चित्र १९६१ चं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहात आहे.

ग्लासगोच्या टाउनहेड या गरीब वस्तीत अर्डलीचा स्टुडिओ होता. तिथल्या पोरांची तिने काढलेली चित्रं लोकांना जास्त ठाऊक. वस्ती पुढे पाडली गेली. जिथला समुद्र तिने रंगवला ते कॅटरलाइन मात्र आहे. ॲबर्डीनच्या दक्षिणेला, स्टोनहेवन ओलांडल्यावर, कड्याच्या टोकाशी एका ओळीत बसलेली कोळ्यांची बैठी घरं. वादळ उठलं की गावातून कुणीतरी तिला फोन करायचं आणि ती ग्लासगोहून निघायची. दोर आणि दगड लावून बोर्ड बांधायचा नि वाऱ्यात उभं राहून रंगवायचं. जागेची ओळख वाढेल तसं तिथे चितारण्यासारखं जास्तच सापडतं, असं तिचं म्हणणं होतं.

नवऱ्याच्या तेल कंपनीतल्या नोकरीमुळे आम्ही ॲबर्डीनला राहायचो, तेव्हा एका हिवाळ्यात आई आली होती. मी तिला कॅटरलाइनला नेलं. चित्रकर्तीचं घर, तिची जागा, सगळं मी उत्साहाने दाखवत होते. आईचं लक्ष किनाऱ्यावरच्या खांबांकडे. “जाळी वाळत घालायचे ना गं हे?” आई कोकणातल्या हर्णै बंदराची. तिला कुणी सांगावं लागलं नाही. सॅमनच्या जाळ्यांचे ते खांब अर्डलीनेही रंगवलेत, ते चित्र टेट संग्रहालयात आहे. मग आई कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली. स्वेटरवर शाल, शालीवर माझा कोट, नाक लाल झालेलं. हे लोक मासळी खारवतात का, होड्या वर कशा ओढतात, बायका विकायला कुठे जातात. मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. इथे सूर्य समुद्रातून वर येतो हे मात्र तिला शेवटपर्यंत पटलं नाही. तेवढ्यात मी तिचा एक फोटो काढला.

दीड वर्षात आई गेली. तेराव्याला तो फोटो हातोहात फिरला. “बघ, चेहऱ्यावर तेव्हाच दिसत होतं,” एक नातेवाईक म्हणाल्या, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मला आजही त्याचा राग येतो. तिच्या चेहऱ्यावर थंडी होती. थर्मासमधला चहा संपल्याची नाराजी होती. ती खांब मोजत होती!

अर्डली १९६३ च्या ऑगस्टमध्ये स्तनाच्या कर्करोगाने गेली. वय ४२. तिची रक्षा कॅटरलाइनच्या किनाऱ्यावरच विखुरली. तेव्हापासून तिच्या समुद्रातल्या प्रत्येक करड्या छटेत लोकांना मरणाची चाहूल लागते. मला हे अन्यायाचं वाटतं. उत्तर समुद्र जानेवारीत असाच दिसतो. दुपारी साडेतीनला उजेड संपायला लागतो. बोटं आखडलेली, वारा बोर्ड ओढतोय आणि समोरची लाट पुन्हा तशी येणार नाही, अशा घाईत तिने तो रंग ओढलाय. त्या फटकाऱ्यांत मला तरी भूक दिसते, कामाची भूक. दुःख असेलही तिच्या आयुष्यात. पण ती तिथे यायची ती लाट बघायला.

यंदा पुन्हा जाऊन आले. किनाऱ्यावर जाळी लावून होणारी सॅमनची मासेमारी २०१६ मध्ये सरकारने बंद केली. मासेच कमी झाले होते. आईचे प्रश्न विचारावेत असं तिथे कुणी भेटलं नाही.

परतल्यावर भावाला फोन केला. बघवत नाही म्हणून त्याने आईचा तो फोटो कपाटात ठेवलाय. माझ्याकडे पाठव म्हटलं, मी दिवाणखान्यात लावते. आणि आलेल्या-गेलेल्याला ती तेव्हा काय विचारत होती ते सांगते.