दाराआडचा स्वर

गंगाखेडास भाचीच्या बाळंतपणात दाराबाहेर बसून ऐकलेला ‘ओरडू नकोस’ हा परिचारिकेचा करडा स्वर अजून मनातून जात नाही. त्या स्वरावरून ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांची नाट्यपद्धती आठवते; तीत प्रेक्षकच प्रयोग थांबवून पीडिताच्या जागी उभा राहतो. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये विद्यार्थ्यांना ती शिकविली गेली, हे वाचल्यापासून वाटते, की आमच्या परभणीतील परिचारिकांनीही घटकाभर प्रसूतीच्या खाटेवर निजून, न विचारता कोणी पायांवरची चादर ओढली असता अंगावर कसा काटा येतो, ते अनुभवावे. सरकारच्या ‘लक्ष्य’ योजनेने २०१७ पासून सन्मानपूर्वक प्रसूतीचे फर्मान काढले खरे; पण फर्मानाने स्वर मऊ होतो काय? रात्रपाळीने शिणलेल्या त्या बाईचाही प्रवेश कोणी लिहावा. तिच्या जागी मला उभे राहवेल की नाही, कोण जाणे.