थ्रेड : पडद्यावरचा राम

१/ इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख आणि मोडी कागद डोळ्यांसमोर येतात. पण २००३ सालची संगणकातील एखादी फाइल हेसुद्धा आता इतिहासाचे साधन आहे, आणि मोडी कागदापेक्षा ती कितीतरी लवकर दुर्बोध होते. इंदापूरच्या एका घरातील स्क्रीनसेव्हरच्या निमित्ताने ही गोष्ट.

२/ आधी स्क्रीनसेव्हर मुळात का जन्मला ते पाहू. जुन्या मॉनिटरच्या काचेला आतून फॉस्फरचा थर असे. इलेक्ट्रॉनांचा झोत पडला की तो उजळे. तेच चित्र महिनोन्‌महिने एकाच जागी राहिले, तर तेवढा थर झिजून काचेवर त्याची कायमची सावली उमटे.

३/ १९८३ च्या डिसेंबरात जॉन सोचा यांनी ‘सॉफ्टटॉक’ मासिकात आयबीएम पीसीसाठी यावरचा एक छोटा प्रोग्राम प्रसिद्ध केला. तीन मिनिटे कोणी काही केले नाही की पडदा काळा होई. १९८९ च्या ‘आफ्टर डार्क’ने त्या काळोखात पंखांचे टोस्टर उडवले. पुढे विंडोजमध्ये सरकता मजकूर आणि वळत जाणाऱ्या नळ्या आल्या.

४/ २००१ साली एमकेसीएलची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांमुळे संगणक तालुक्यांच्या गावी पोहोचला. त्याच दिवसांत इंदापूरचा एक मुलगा एसटीने बारामतीला संगणक शिकायला येत असे. तयार स्क्रीनसेव्हर बदलून त्याचे समाधान होईना. त्याने व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये स्वतःचा स्क्रीनसेव्हर लिहायला घेतला.

५/ विंडोजचा स्क्रीनसेव्हर म्हणजे साधा प्रोग्रामच असतो. ‘ईएक्सई’ऐवजी त्याच्या नावापुढे ‘एससीआर’ लागते, एवढेच. विंडोज त्याला हाक मारताना एक खूण देते : ‘एस’ असेल तर पूर्ण पडदा व्यापायचा, ‘सी’ असेल तर मांडणीची खिडकी दाखवायची, ‘पी’ असेल तर छोटा नमुना.

६/ आतली रचना सोपी होती. टायमरच्या प्रत्येक ठोक्याला शब्द थोडा पुढे सरकवायचा, कड लागली की दिशा उलटी करायची. कळ दाबली किंवा माउस हलला की प्रोग्राम संपवायचा. पण पहिल्यांदा तो उघडताक्षणीच बंद पडे. खिडकी उघडताना विंडोज स्वतःच माउस हलल्याचा एक निरोप पाठवते. तो पहिला निरोप सोडून द्यायचा, हे त्याला दोन दिवसांनी उमगले.

७/ काळ्या पडद्यावर फिरणारा शब्द होता ‘राम’. आजोबांनी सांगितलेला. बारामती हे मोरोपंतांचे (१७२९–१७९४) गाव. ओठांनी उच्चारायची अक्षरे टाळून त्यांनी अख्खे निरोष्ठ रामायण रचले. अक्षरांना नियमांत बांधण्याची परंपरा या गावाला नवी नव्हती.

८/ पण वर्गातील विंडोज ९८ ला देवनागरी येत नव्हती. त्यावर उपाय होता कृतिदेव फॉन्टचा. त्यात लॅटिन ‘जे’च्या जागी र, ‘के’च्या जागी काना आणि ‘ई’च्या जागी म चितारलेला असतो. पडद्यावर राम दिसे. संगणकाच्या लेखी मात्र ते १०६, १०७, १०१ होते, म्हणजे लॅटिन ‘जेकेई’.

९/ त्याच फॉन्टमध्ये त्याने आणखी एक काम केले. मोडी वाचू शकणारे आजोबा हे घरातील शेवटचे. त्यांनी जमिनीचे जुने कागद वाचून दाखवले आणि नातवाने चोवीस पाने टंकली. जिथे वाचन संशयास्पद वाटले, तिथे आजोबांनी प्रश्नचिन्ह घालायला लावले.

१०/ असे कागद इंदापुरात का महत्त्वाचे, हेही पाहा. गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पाहणीवर आधारलेली तीस वर्षांची महसूल आकारणी १८३६ मध्ये प्रथम याच तालुक्यात लागू झाली. मुंबई इलाख्याच्या सर्वेक्षणपद्धतीचा पाया इथे घातला गेला. या तालुक्यातील शेताचा प्रत्येक जुना कागद त्या प्रयोगाचा संभाव्य साक्षीदार ठरतो.

११/ काही वर्षांनी आजोबा गेले. बऱ्याच काळानंतर त्या मुलाने, आता तो गृहस्थ झाला होता, जुनी सीडी नव्या लॅपटॉपवर उघडली. स्क्रीनसेव्हर चालला. शब्द पूर्वीसारखाच कडेला आपटून परतत होता. पण तो शब्द राम नव्हता. काळोखात ‘जेकेई’ फिरत होते. फॉन्ट नव्हता, म्हणून मुखवटा गळून पडला होता. चोवीस पानांचीही तीच गत.

१२/ कागदावर अक्षराचा आकार हेच अक्षर असते. लिपी शिकली की ते वाचता येते. फॉन्टच्या फाइलमध्ये आकार एकीकडे आणि क्रमांक दुसरीकडे. युनिकोडमध्ये मात्र र म्हणजे २३५२, काना २३६६, म २३५०. हे क्रमांक त्याच अक्षरांसाठी राखलेले आहेत. फॉन्ट कोणताही असो, राम रामच राहतो.

१३/ सुदैवाने फॉन्टचे नाव त्याच्या लक्षात होते, त्यामुळे रूपांतर शक्य झाले. तरी चुका उरल्या. कृतिदेवात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकतात, युनिकोडमध्ये नंतर; रफाराचा क्रमही उलटा. काही नावे आणि आकडे बिघडले. ते तपासायचे कशावरून? मूळ मोडी कागदांवरूनच. म्हणून तो आता मोडी शिकत आहे. आजोबांची प्रश्नचिन्हे त्याने तशीच ठेवली आहेत.

१४/ आजच्या पडद्यांना त्या जुन्या थराच्या झिजेची भीती उरलेली नाही. पण १९९० ते २०१० या काळात फॉन्टच्या भरवशावर टंकलेल्या वंशावळी, स्मरणिका, आठवणी घराघरांतील सीडींवर पडून आहेत. आपल्या घरी अशी फाइल असेल, तर आधी फॉन्टचे नाव लिहून ठेवा, मग युनिकोडमध्ये रूपांतर करा, आणि मूळ कागद असेल तर तो टाकू नका. टंकणारी माणसे हयात आहेत तोवर विचारून घ्या.

#इतिहास #मराठी #मोडी #इंदापूर #बारामती